रोबोटच्या आधी अम्मीला विचारा

करकंब म्हटलं की बाहेरच्यांना बाजार आमटी आठवते, नाहीतर द्राक्षं आणि बेदाणा. मला गुडघे आठवतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. करकंबमध्ये आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर घरोघरी जायचं, गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचा, हे माझं काम. पूर्वी या घरांतून मला एकच प्रश्न यायचा, "ऑपरेशन करावं का?" आता प्रश्न बदललाय. "रोबोटनं करावं, का साधं?"

हा प्रश्न बहुतेक वेळा मुलगा विचारतो. पुण्याला कंपनीत असलेला, किंवा पंढरपूर-सोलापूरला दुकान टाकलेला. त्यानं मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचा फोनही येऊन गेलेला असतो. तळमळ खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण जिचा गुडघा आहे ती अम्मी आत स्वयंपाकघरात असते आणि या चर्चेत तिला कुणी बोलावलेलं नसतं.

म्हणून तुमच्यासारख्या तरुण वाचकांसाठी हे लिहितेय. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. रोबोट हे चांगलं उपकरण आहे, पण गुडघ्याच्या बाबतीत तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आपण तो पहिला विचारतोय आणि त्याच्या आधीचे चार महत्त्वाचे प्रश्न विचारायचे राहून जातायत.

रोबोट नेमकं काय करतो

आमच्याकडे पुष्कळांची समजूत अशी आहे की डॉक्टर बाजूला बसतात आणि मशीन एकटंच ऑपरेशन करतं. तसं नाही.

गुडघा म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तो सांधा. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. आपण म्हणतो 'वंगण संपलं', 'गादी झिजली', तेव्हा झिजलेली असते ती ही कूर्चा. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये अख्खा सांधा काढून फेकत नाहीत. दोन्ही हाडांच्या टोकांचा काही मिलिमीटरचा झिजलेला थर कापतात, त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये टणक प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. कौशल्य दोन गोष्टींत असतं. काप योग्य कोनात जायला हवा आणि आजूबाजूच्या अस्थिबंधांचा ताण दोन्ही बाजूंना सारखा राहायला हवा.

रोबोट या दोन गोष्टींत मदत करतो. काही यंत्रांसाठी आधी सीटी स्कॅन काढून गुडघ्याचा त्रिमितीय नकाशा बनवतात. काही यंत्रं स्कॅनशिवाय चालतात, त्यांत ऑपरेशन सुरू असताना हाडाच्या पृष्ठभागावर टोकदार उपकरण फिरवून मोजमापं घेतात. हाडांत छोट्या पिना बसवून त्यांवर खुणा लावतात, कॅमेरा त्या खुणा पाहत राहतो आणि पाय कसा हलला हे यंत्राला कळतं. निर्णय सर्जनचा असतो. यंत्राचा हात एकतर करवत ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही, किंवा कापायची पट्टी नेमक्या जागी धरून ठेवतो. स्ट्रायकर कंपनीचं माको, झिमर बायोमेटचं रोझा, जॉन्सन अँड जॉन्सनचं वेलिस, स्मिथ अँड नेफ्यूचं कोरी ही यातली प्रसिद्ध यंत्रं. गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीनं 'मिसो' नावाचं भारतीय बनावटीचं यंत्रही आणलं आहे.

सुतारकामाचं उदाहरण घ्या. गुण्या लावून कापलेली फळी सरळ निघते, हे खरं. पण कुठली फळी कापायची, किती कापायची, आणि मुळात कापायची का, हे गुण्या सांगत नाही.

पुरावा काय सांगतो

रोबोटमुळे इम्प्लांट ठरलेल्या कोनात बसण्याचं प्रमाण वाढतं, कोन चुकण्याचं प्रमाण घटतं. हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत दुखणं थोडं कमी राहतं, असंही काही अभ्यास सांगतात. ही रोबोटची जमेची बाजू आहे आणि ती नाकारायचं कारण नाही.

पण अम्मीला कोन नको असतो, तिला चालायचं असतं. दक्षिण कोरियात डॉ. यंग-हू किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,४०६ रुग्णांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाचं ऑपरेशन रोबोटच्या मदतीनं झालं, दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीनं. किमान दहा वर्षं पाठपुरावा करून निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. चालणं, दुखणं आणि इम्प्लांट टिकणं, या कशातही दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्या अभ्यासातलं यंत्र जुन्या पिढीचं होतं, नवीन यंत्रं वेगळी आहेत, हे मान्य. पण नवीन यंत्रांनी वीस वर्षांनी काय होईल हे वीस वर्षं गेल्यावरच कळणार. तोवर जाहिरातीतलं 'आयुष्यभराची खात्री' हे वाक्य जाहिरातीतच राहू द्यावं.

साधं ऑपरेशन म्हणजे जुनाट, गरिबांसाठीचं, असाही एक समज पसरतोय. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. ऑपरेशन केलं डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. मध्य प्रदेशातून न्यूयॉर्कला गेलेले हे सर्जन. १९७० च्या दशकात तिथं आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ आराखडा ज्यांनी तयार केला, त्यांच्यातले ते एक. रोबोट तेव्हा जगात होता. १९९२ सालीच अमेरिकेत खुब्याच्या ऑपरेशनसाठी तो वापरला गेला होता. तरी देशाच्या पंतप्रधानांचा गुडघा सर्जनच्या अनुभवावर सोपवला गेला. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. त्यातले बहुतांश याच साध्या पद्धतीचे आहेत.

नवीन आणि महाग म्हणजे चांगलं, हे दरवेळी खरं नसतं. गुडघ्यानंच हे एकदा दाखवून दिलंय. एके काळी झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुण्याचं ऑपरेशन फार चालायचं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये डॉ. ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर प्रयोग केला. काहींचा गुडघा खरोखर धुतला, काहींच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. २००२ साली निकाल आला. दोन्हींत फरक नव्हता. छेद देऊन परत पाठवलेल्यांनाही तितकंच बरं वाटत होतं. बुवाबाजीवर आपण बोलतो तेव्हा हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. पुरावा मागायची सवय ताईतवाल्यापुरती ठेवून चालत नाही. ती हॉस्पिटलच्या काउंटरवरही चालवावी लागते.

पैसा कुठे जातो

१६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारच्या एनपीपीए या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा इम्प्लांट आधी सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता. तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतक्यावर आला. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा २,४९,२५१ वरून ७६,६०० वर आला. पुढं हे आकडे वेळोवेळी बदलले, पण मर्यादेचं तत्त्व राहिलं. हॉस्पिटलनं बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायची, ब्रँड आणि बॅच नंबर लिहायचा, हेही त्या आदेशात आहे.

मर्यादा इम्प्लांटला आहे. रोबोट वापरण्याच्या शुल्काला अशी मर्यादा नाही. काही कोटींचं यंत्र घेतलेल्या हॉस्पिटलला त्याचा खर्च भरून काढायचा असतो. शिवाय यातल्या बहुतेक यंत्रांवर त्याच कंपनीचे इम्प्लांट बसतात. म्हणजे यंत्र ठरलं की इम्प्लांटची निवडही बऱ्याच अंशी ठरून जाते. यात बेकायदेशीर काही नाही. पण 'रोबोट घ्या' हा सल्ला ऐकताना त्याच्या मागं हिशेब असू शकतो, इतकं तरी आपल्याला कळायला हवं.

मी जी घरं पाहते तिथं हा वरचा पैसा सहज आलेला नसतो. अम्मीच्याच बांगड्या गहाण पडलेल्या असतात, किंवा उसाचं बिल यायच्या भरवशावर उसनवारी झालेली असते. ऑपरेशन होतं, आणि मग कमोड बसवायला, बाथरूमला दांडी लावायला, पंधरा दिवसांनी तपासणीला जायच्या गाडीला पैसे उरत नाहीत. ज्या घरात बचत भरपूर आहे, सर्जन चांगला आहे आणि तो रोबोटवर काम करतो, त्यांनी खुशाल रोबोट निवडावा. पण ज्याला त्यासाठी कर्ज काढावं लागतं, त्यानं तेच पैसे पुढच्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अम्मी दुखणं सांगत का नाही

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. १९९६ पासून तिथं डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या गटानं घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमातला हा भारतातला गाजलेला अभ्यास. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असं दुखणं होतं. आपल्यासारख्याच उसाच्या पट्ट्यातल्या गावातली ही आकडेवारी आहे. सांधे झिजण्याचा आजार बायकांत जास्त दिसतो, वयाच्या पन्नाशीनंतर तर विशेष. आणि आपल्याकडच्या बायकांचं आयुष्य उकिडवं बसण्यात जातं. खुरपणी, भाकरी, भांडी, कपडे, बेदाणा निवडणं, सगळं गुडघे मोडून.

तरीही माझ्या अनुभवात अब्बांचा गुडघा दुखला की पंढरपूरला जाऊन एक्स-रे निघतो. अम्मीचा दुखला की मेडिकलमधून गोळी येते. वर्षानुवर्षं रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळीनं पोटात अल्सर होऊ शकतो, किडनी खराब होऊ शकते, रक्तदाब वाढतो. पण ती गोळी घेऊन अम्मी उभी राहते, स्वयंपाक होतो, म्हणून घराला वाटतं सगळं ठीक चाललंय. विचारलं तर ती म्हणते, "अब उमर हुई बेटा, दुखताच है." हे उत्तर आपल्याला सोयीचं असतं, म्हणून पुढचा प्रश्न आपण विचारत नाही.

हे फक्त आपल्यातच होतं असं समजू नका. कॅनडात २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सारखंच दुखणं, सारखीच झीज असलेले एक पुरुष आणि एक स्त्री रुग्ण ७१ डॉक्टरांकडे वेगवेगळे पाठवले. ४२ टक्के डॉक्टरांनी फक्त पुरुषाला गुडघा बदलायचा सल्ला दिला, स्त्रीला नाही. उलट करणारे ८ टक्के होते. ज्या देशात असं ऑपरेशन सरकारी खर्चानं होतं तिथली ही गोष्ट. मग जिथं पैसा घरातून जायचा, आणि घरात तिच्या दुखण्याचा नंबर शेवटी, तिथं काय होत असेल?

परिणाम असा की आपल्या घरांतल्या बायका फार उशिरा येतात. पाय धनुष्यासारखा वाकलेला, मांडीचे स्नायू सुकलेले, गुडघा पूर्ण सरळ होत नाही. अशा पायाला रोबोट असो की नसो, परत उभं राहायला दुप्पट वेळ लागतो. लवकर आली असती तर कदाचित ऑपरेशनच लांबलं असतं. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०० रुग्ण होते. निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि व्यायामही दिला, उरलेल्या निम्म्यांना फक्त व्यायाम, आहार आणि शिक्षण दिलं. ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम मिळाला, हे खरं. पण दुसऱ्या पन्नासांपैकी वर्षभरात फक्त १३ जणांना ऑपरेशनकडे जावं लागलं. वजनाचंही तसंच आहे. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार घटतो. हे उपाय फुकटात होतात, त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

नमाज, परदा आणि वाकणारा गुडघा

ऑपरेशनचं ठरलं की अम्मी मला हळूच विचारते, "फिर सजदा करने को आता क्या?" हा प्रश्न ती डॉक्टरांना विचारत नाही, मुलगाही विचारत नाही. वास्तविक तिच्या दृष्टीनं तोच मुख्य प्रश्न असतो.

याचं खरं उत्तर आधीच द्यायला हवं. बदललेला गुडघा साधारणपणे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवरून उठणं, जिना चढणं, चालणं, यासाठी तेवढं पुरतं. पण कायद्यात बसताना गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, आणि तितका तो फार थोड्यांचा वाकतो. बरेच सर्जन उकिडवं बसायला मनाई करतात. आपल्या पूर्वेकडच्या लोकांचं आयुष्य जमिनीवरचं आहे हे ओळखून पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी 'इंडस' नावाचा इम्प्लांट तयार केला होता. जास्त वाकणारे 'हाय-फ्लेक्स' इम्प्लांटही मिळतात. तरी प्रत्येकाला जमिनीवरचा सजदा जमेलच, असं वचन कुठलाही प्रामाणिक सर्जन देणार नाही. रोबोटही देत नाही.

मग खुर्चीवर नमाज अदा करावी. इम्रान बिन हुसैन या सहाबींना व्याधी होती, तेव्हा उभं राहून जमत नसेल तर बसून आणि बसूनही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढायची मुभा त्यांना मिळाली, ही हदीस बुखारीत आहे. सवलत इतकी उघड असताना काही अम्मींना खुर्चीची लाज वाटते, कारण 'खुर्चीवाली' म्हणून कुजबूज होते. ती कुजबूज थांबवणं हे आपल्या पिढीचं काम आहे. गुडघ्यातल्या धातूमुळे वुजू किंवा गुस्ल होत नाही, अशीही भीती मी ऐकली आहे. धातू शरीराच्या आत असतो, पाणी कातडीला लागतं. या भीतीला आधार नाही.

दुसरी अडचण परद्याची. गुडघा उघडा केल्याशिवाय सूज दिसत नाही, टाक्यांत पू आहे का कळत नाही, तो किती वाकतो हे मोजता येत नाही. पुरुष फिजिओथेरपिस्टला घरातूनच परत पाठवलं आणि बाई फिजिओथेरपिस्ट मिळेना म्हणून व्यायामच बंद, अशी घरं मला माहीत आहेत. उपचारापुरती सवलत आपल्याकडे आहेच. तरी संकोच वाटत असेल तर हॉस्पिटलमधून निघण्याआधी मुलीला किंवा नवऱ्याला सगळे व्यायाम शिकून घेऊ द्या. व्यायाम थांबवणं हा पर्याय नाही.

ऑपरेशननंतरचे तीन महिने

ऑपरेशन चांगलं होऊनही सुमारे पाचातला एक रुग्ण समाधानी नसतो, असं परदेशातल्या मोठ्या पाहण्यांतून दिसलंय. याची कारणं अनेक आहेत. पण जी घरात घडतात, ती मी रोज पाहते.

सगळ्यात नेहमीची चूक उशीची. प्रेमापोटी कुणीतरी अम्मीच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवतं. तिला बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. मग तो सरळ करायला महिने जातात. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा. दुसरी गोष्ट पाहुण्यांची. आजाऱ्याला भेटायला जाणं पुण्याचं काम आहे, पण दिवसभर माणसं येत राहिली की अम्मी एकतर लाजेनं झोपून राहते, नाहीतर वॉकर घेऊन चहा ठेवायला उठते. व्यायाम दोन्हींत होत नाही. तिसरी साखरेची. मधुमेह ताब्यात नसेल तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि गुडघ्यातला जंतुसंसर्ग म्हणजे पुन्हा ऑपरेशन. चौथी घरकामाची. पंधराव्या दिवशी टाके निघाले की घराला वाटतं काम झालं, आणि अम्मी पुन्हा ओट्याशी उभी राहते.

पहिले सहा आठवडे गुडघ्याचं भवितव्य ठरवतात. पाऊल वर-खाली करणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं, वॉकर घेऊन चालणं, हे दिवसातून तीन-चार वेळा व्हायला हवं. दुखतं, म्हणून कुणीतरी जवळ बसावं लागतं. हे काम सगळं सुनेवर टाकू नका. घरातली भाकरीही तिनं करायची, सासूचा व्यायामही तिनंच घ्यायचा आणि मुलानं फोनवरून 'कसं चाललंय' विचारायचं, ही वाटणी बरोबर नाही. रोबोटसाठी जितक्या सुट्ट्या काढून हॉस्पिटलं पाहिलीत, त्यातल्या चार सुट्ट्या यासाठी ठेवा.

मी माझ्या धंद्याची जाहिरात करतेय असं कुणाला वाटेल. म्हणून सांगते, रोज फिजिओथेरपिस्ट बोलवायची गरज बहुतेकांना नसते. सुरुवातीला नीट शिकवलं आणि आठवड्याला कुणी तपासलं, तर बाकी सगळं घरातलं माणूस करून घेऊ शकतं.

मग विचारायचं काय

पहिला प्रश्न अम्मीला. कुठं दुखतं, रात्री झोप लागते का, काय करता येईनासं झालंय, आणि ऑपरेशननंतर तिला काय करायचंय? एकटीनं संडासला जायचंय, शेतात जायचंय, उमराहला जायचंय? तिचं उत्तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. आणि डॉक्टरांशी तिला स्वतः बोलू द्या.

दुसरा प्रश्न डॉक्टरांना. ऑपरेशन आत्ताच हवं का? व्यायाम आणि वजन घटवून तीन महिने पाहता येईल का? दोन्ही गुडघे एकदम का? शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, तो रुग्णाचा हक्क आहे.

तिसरा प्रश्न सर्जनच्या हाताचा. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, जंतुसंसर्ग किती जणांना होतो, गुंतागुंत झाली तर इथंच उपचार होतील का? जास्त ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनचे निकाल साधारणपणे चांगले असतात. हे रोबोटवरही लागू आहे.

चौथा प्रश्न पैशांचा. इम्प्लांट कुठला, त्याची किंमत वेगळी दाखवाल का, रोबोटचं शुल्क किती? महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. विमा असेल तर रोबोटिक शस्त्रक्रियेला पॉलिसीत वेगळी मर्यादा आहे का, ते आधी पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात जिथं सुरू झाली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता, तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. आपल्या रुग्णाचं ऑपरेशन त्यात बसतं का, कुठल्या रुग्णालयात बसतं, हे आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. अम्मीचं वय सत्तरच्या पुढं असेल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते आजच काढून ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. हे मागायला लाजू नका, तो कायदा आहे.

यानंतर पाचवा प्रश्न विचारा, रोबोट का साधं. तोवर त्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळालेलं असेल.

गाव म्हणूनही आपल्याला काही करता येईल. वॉकर, कमोडची खुर्ची, बाथरूमचं स्टूल या वस्तू तीन महिने लागतात आणि मग माळ्यावर पडतात. प्रत्येक जमातखान्यात, तालमीत किंवा ग्रामपंचायतीत अशा वस्तूंचा साठा ठेवता येईल, ज्याला लागेल त्यानं न्यावा, जात-धर्म विचारू नये. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस गुडघ्यांचा व्यायामवर्ग असावा, त्यात बाई फिजिओथेरपिस्ट असावी, ही मागणी आपण ग्रामसभेत मांडू शकतो. रस्ता आणि पाण्याच्या मागण्यांबरोबर हीसुद्धा मागणीच आहे. चाळिशीतली बाई अशा वर्गाला आली, तर साठीत तिच्या मुलाला रोबोटचे दर विचारत फिरावं लागणार नाही, अशी शक्यता बरीच वाढते.

या शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा अब्बांना उसाचं विचाराल, भावाला मोटारीचं विचाराल. अम्मीला तिचा गुडघा विचारा, आणि "दुखताच है" म्हणाली तर फोन ठेवू नका.